सीईचे पैसे भरायचे कुठे?

११ मार्च २०१९, सोमवार. दोह्यातल्या एका एजंटने मागितलेली रक्कम अकरा हजार रियाल. आमच्या साइट ऑफिसात हजर तिघे: मालाला मंजुरी देणारा इटालियन कन्सल्टंट ब्रूनो, नाशिकच्या अंबडहून आलेले कारखानदार शिरसाट आणि कॉन्ट्रॅक्टरचा क्यूए, म्हणजे दर्जा तपासणारा, इंजिनियर म्हणून मी.

कतारमधल्या २०२२च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी हॉटेल उभं राहत होतं. वीज गेली की जिन्यात तीन तास जळणारे ६४० इमर्जन्सी लाइट शिरसाट देणार होते. त्यांची आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर. अट एकच, मालावर युरोपचा सीई मार्क हवा. शिरसाटांनी स्टिकर छापून आणले होते. दिव्यावर, खोक्यावर, लाकडी क्रेटवर आणि माझ्यासाठी आणलेल्या चिवड्याच्या डब्यावरही एक.

ब्रूनोने मार्कामागचा कागद मागितला. तो नव्हता.

"एजंट काढून देतोय, साहेब," शिरसाट मला म्हणाले. "जर्मनीचा वेगळा, फ्रान्सचा वेगळा. पाच देशांचे मिळून अकरा हजार."

मी ते ब्रूनोला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. मी शिरसाटांना समजावलं. पूर्वी देशागणिक वेगळी तपासणी लागायची. आता एकच मार्क, तो साऱ्या युरोपियन युनियनमध्ये चालतो. आणि अशा दिव्यांसाठी तो कोणतंही ऑफिस देत नाही. माल तपासून घ्यायचा, रिपोर्टची फाइल ठेवायची आणि माल नियमात बसतो असं कारखानदाराने स्वतः लिहून द्यायचं. त्याला डिक्लरेशन म्हणतात. दिव्यांचा टेस्ट रिपोर्ट शिरसाटांकडे होताच, राहिलं होतं ते हेच.

"म्हणजे सही माझी?"

"तुमचीच."

"आणि उद्या काही झालं तर?"

"तुम्हालाच विचारतील. म्हणून तर त्या मार्काला किंमत आहे."

शिरसाट पेन उचलेनात. क्रेटवर त्यांचं नाव फूटभर अक्षरांत होतं. मी म्हटलं, "एवढं मोठं नाव रंगवताना हात अडला नाही तुमचा."

तेव्हा ते म्हणाले, "टेस्टनंतर बॅटरी बदललीय. स्वस्त मिळाली."

मी ते ब्रूनोला सांगितलं. त्याने लगेच एक दिवा बॅटरीवर लावायला लावला. मी वेळ लिहून ठेवली. आम्ही चिवडा खात बसलो. त्याच्यावरच्या सीईबद्दल ब्रूनोची काही तक्रार नव्हती. एक तास पन्नास मिनिटांनी दिवा गेला.

ब्रूनोने तीन आठवडे दिले. शिरसाटांनी टेस्ट झालेल्याच बॅटऱ्या विमानाने मागवल्या, स्वखर्चाने ६४० दिव्यांत बसवल्या आणि मग सही केली. ऑर्डर वाचली. पुढच्या वर्षी त्याच फाइलवर त्यांचा माल इटलीला गेला, मग जर्मनीला. नवी टेस्ट एकही लागली नाही.

सीई मार्कासाठी शेवटी भरलेली रक्कम: शून्य. एजंटला नकार द्यायला दोह्याच्या अल मन्सूरा भागात बोलावून एक चहा पाजला, दोन रियाल. ते मी दिले. शिरसाटांकडे सुट्टे नव्हते.