अहमदाबादेत उतरायचं कुठे: नदीपलीकडे की जुन्या शहरात

मे महिन्यात अहमदाबादला जाऊ नये. आम्ही गेलो, कारण आमच्या गटात शिक्षक जास्त आणि शिक्षकांना लांबची सुट्टी मेमध्येच मिळते.

डहाणूरोडच्या रेल्वे कॉलनीतून दर उन्हाळ्यात एक सहल निघते. कॉलनीतले निम्मे आणि त्यांच्या ओळखीचे निम्मे, असे बारा-चौदा जण. पुढारीपण वसंतकाकांकडे. ते गार्ड म्हणून निवृत्त झाले, पण अजूनही गट चालायला लागला की मागे वळून शेवटचा माणूस आला का ते पाहतात. या वेळी अहमदाबाद ठरल्यावर ते म्हणाले, "हॉटेल कुठे घ्यायचं ते नव्या पिढीनं बघावं. इंजिनियर आहे ना आपल्यात?"

इंजिनियर म्हणजे मी. खरं तर डिप्लोमा, इन्स्ट्रुमेंटेशनचा. एरवी मी ही दुरुस्ती लगेच करते. त्या दिवशी केली नाही, कारण हॉटेल मलाच निवडायचं होतं.

कारण असं. अहमदाबादेत प्रेशर गेज बनवणाऱ्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. जून लागायच्या आत उत्तर हवं होतं. बाबा म्हणाले, "आई म्हणेल तसं." आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाहीच, फक्त सावकाश. मुलगी परक्या शहरात एकटी राहणार, हे सरावलीच्या आमच्या घरात बसून आईला पटण्यासारखं नव्हतं. तिने ते शहर डोळ्यांनी पाहायला हवं होतं, तेही आपण काही तपासायला आलो आहोत असं न वाटता. कंपनी नदीपलीकडे, नवरंगपुऱ्यात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह. गटाचं हॉटेल या दोहोंच्या मध्ये पडलं, तर बाकीचं काम रस्ता करेल, असा माझा आडाखा होता.

काकांच्या ओटीवर बैठक झाली. मी तीन वस्त्या मांडल्या. काळुपूर, म्हणजे स्टेशनची बाजू: स्वस्त, पण रात्रभर गाड्या. रिलीफ रोड, म्हणजे जुनं शहर: पाहायचं सगळं चालत, पण गर्दी. नवरंगपुरा: भाडं थोडं जास्त, रस्ते रुंद, रात्री शांतता. शांततेला मी इतकं वजन दिलं की बाकीचे मुद्दे आपोआप हलके झाले.

"बघायचं सगळं तर नदीच्या अलीकडे आहे," कैनाडचे जानूभाऊ म्हणाले. त्यांची भाताची शेती आहे, बोलतात कमी. "मग झोपायला पलीकडे कशाला जायचं?"

"झोप महत्त्वाची," मी म्हणाले.

"रेल्वेत चाळीस वर्षं झोपलोच नाही मी," काका म्हणाले. "शांतता घ्या."

ठराव झाला. आई माझ्याकडे पाहत होती.

सकाळची गाडी डहाणूरोडला धरली. तलासरीकडची मंडळी पहिल्या एस.टी.ने आली. त्यात झरीच्या शाळेत शिकवणाऱ्या कुसुममावशी होत्या, आईच्या ट्रेनिंग कॉलेजच्या मैत्रीण. त्यांच्या एका हातात पाण्याचं मोठं भांडं आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत भाच्यासाठी डहाणूच्या बाजारातले सुके बोंबील. भाचा साबरमतीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहतो आणि गेली दोन वर्षं पत्रातून फक्त बोंबलांची चौकशी करतो.

जाणाऱ्यांसाठी: खिडकी डाव्या हाताची घ्या, सकाळी ऊन लागत नाही. घोलवडला चिकू येतात, पण आपल्याकडचे असतील तर घेऊ नका. सुरतेला गाडी बऱ्यापैकी थांबते, जेवण उरकून घ्या. भरूचच्या अलीकडे नर्मदेचा पूल लागतो, तिथे सगळे पैसे टाकतात. त्या गडबडीत कोणाचा तरी पाय कुसुममावशींच्या भांड्याला लागला आणि पाणी थेट त्या पिशवीत गेलं. भरूचला खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, अवश्य घ्या. आम्ही घेतली, आणि डबाभर बोंबलांचा ओला वास येत असताना खाल्ली.

दुपार कलता कलता अहमदाबाद. रिक्षा मीटरने येतात, पण सामान पाहून बोलणं वेगळं होतं. काकांनी गुजराती सुरू केलं. रिक्षावाला हसून म्हणाला, "तमे सुरत बाजुना लागो छो." आमचं गुजराती ऐकून त्यांना आम्ही सुरतेकडचे वाटतो. काकांना ही बढती वाटली. पूल ओलांडताना खाली साबरमती होती, म्हणजे वाळू होती, वाळूवर धोब्यांनी वाळत घातलेले कपडे होते, आणि मधोमध पाण्याची एक बारीक धार.

"एवढा मोठा पूल कशाला बांधला?" जानूभाऊ म्हणाले. "चालत गेलो असतो."

हॉटेल मी सांगितलं होतं तसंच होतं. स्वच्छ, लिफ्टवालं, दोघांच्या खोलीला दोनशेच्या आतबाहेर. समोर कडुलिंब, रुंद रस्ता, कंपाउंडच्या भिंती. मॅनेजर मऊ आवाजाचे गृहस्थ. मला बरं वाटलं, पण मी ते दाखवलं नाही.

संध्याकाळी आईला म्हटलं, जरा पाय मोकळे करू. जाता जाता कंपनीची इमारत लागली, मी तिच्याकडे बोटही दाखवलं नाही. पुढे वसतिगृह लागलं.

"हे काय?" आईने विचारलं.

"नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह असावं."

"असावं?"

"पाटी आहे."

आई फाटकाशी थांबली. आत चौकीदार खुर्चीत बसला होता. रस्त्यावर आम्ही दोघी आणि एक कुत्रं. दिवे लागले होते, सगळे नीट पेटत होते, ते मी मनातल्या मनात मांडून ठेवलं. आईने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"इथे कोणी पडलं तर उचलणार कोण?" ती म्हणाली.

"पडेल कशाला? फुटपाथ चांगला आहे."

आई वळून चालायला लागली. माझी सगळ्यात भक्कम बाजू, शांतता, तिने एका वाक्यात उलटी धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबरमती आश्रम पाहिला. ऊन चढायच्या आत जा, झाडाखाली बसायला मिळतं. दुपारी थाळी जेवलो. पंचवीस-तीस रुपयांत वाढणारे थकतात, खाणारा थकत नाही. डाळ गोड असते. वसंतकाकांनी ती औषधासारखी घेतली. मग हॉटेलवर आलो, तर मॅनेजर दारातच उभे.

झालं असं होतं. कुसुममावशींना ओल्या बोंबलांची काळजी लागली होती. ओले ठेवले तर सडणार, मग भाच्याला काय देणार? निघण्यापूर्वी त्या पिशवी घेऊन गच्चीवर गेल्या. गच्चीवर मालकाच्या घरच्यांनी छुंद्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. छुंदा म्हणजे किसलेली कैरी आणि साखर, तोंडाला कापड बांधून दिवसचे दिवस उन्हात मुरवतात. शेजारी साडीवर पापड. आमच्याकडे मेमध्ये अंगणात असंच दिसतं: चटईवर पापड, शेजारी बरण्या, वर दोरीला बोंबील. कोणाचं कोणाला काही होत नाही. मावशींना ते अंगण ओळखीचं वाटलं. तिथे दोरी होतीच. त्यांनी बोंबील जोडीजोडीने दोरीला लावले, बरोबर बरण्यांच्या वर, आणि आश्रम पाहायला आल्या.

मॅनेजर आवाज न चढवता म्हणाले, "बेन, माझं काही नाही. पण शेठाणी वर गेल्या होत्या. त्या लसूणसुद्धा खात नाहीत."

"मग आता?" काकांनी विचारलं.

"आता त्या खाली बसल्या आहेत. वर जायला तयार नाहीत."

मावशी हात जोडून शेठाणींकडे गेल्या. "माझी चूक झाली. पण खरं सांगते, झाकलेल्या बरणीत वास जात नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं..."

"ए लई जाओ," शेठाणी डोळे मिटून म्हणाल्या. घेऊन जा. छुंदा त्यांनी तसाच कामवालीला देऊन टाकला. पैसे घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत खोल्या सोडाल तर बरं, एवढंच मॅनेजर म्हणाले, आणि आमच्या बॅगा स्वतः लिफ्टपर्यंत आणून दिल्या. इतक्या नम्रपणे आम्हाला कोणी कधी हाकललेलं नाही.

"शांतता फार झाली होती," जानूभाऊ म्हणाले.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आईला दाखवायची वस्ती हातातून गेली होती, आणि तीन दिवस उरले होते.

रिक्षांची रांग करून पुन्हा पूल ओलांडला. रिलीफ रोडच्या मागे, माणेकचौकापासून जवळ, एक लॉज मिळाला. भाडं नदीपलीकडच्या निम्मं, लिफ्ट नाही, पंखा बोलतो. बोंबील भाचा त्याच संध्याकाळी येऊन घेऊन गेला. जाताना पिशवी पोटाशी धरली होती. लॉजची मागची बाजू एका पोळेत उघडायची. पोळ म्हणजे जुन्या शहरातली एकाच वेशीची बंद गल्ली: आत घराला घर चिकटलेलं, प्रत्येक घराला ओटला, प्रत्येक ओटल्यावर कोणीतरी. वाहनं वेशीबाहेर. गटासाठी ही वस्ती सोयीची, हे मला मान्य करावं लागलं. जुम्मा मशीद, तीन दरवाजा, सिद्दी सैयदची जाळी, सगळं चालत. जाळी पाहायला सकाळी जा, उजेड मागून येतो आणि दगड कागदासारखा दिसतो. माणेकचौकात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. सामिष हवं असेल तर तीन दरवाजाजवळ विचारा. वसंतकाकांनी विचारलं.

आई मात्र दुसऱ्या सकाळपासून कुठेच आली नाही. मागच्या दाराने पोळेत गेली आणि हंसाबेन नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या ओटल्यावर बसली. "आवो, बेसो," एवढंच निमंत्रण. दोघी गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी गेले तेव्हा हंसाबेननी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छोकरी शुं करे छे?" मुलगी काय करते?

आईने सगळं सांगितलं. नोकरी, कंपनी, नवरंगपुरा, जून. मी वर्षभर कोणाला सांगितलं नसतं ते आईने एका मुठीच्या शेंगांत उरकलं.

"आणि तिकडचं हॉटेल का सोडलं?"

तेही सांगितलं. हंसाबेन शेंगा खाली ठेवून हसल्या. "छुंद्यावर? आमच्या घरात चालणार नाही हं. बाहेर काय खायचं ते खा, मला सांगू नका म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी मी खरेदी करून परतले, तर ओटल्यावरून हंसाबेन आईला सांगत होत्या: ही सकाळी वेशीबाहेर डावीकडे गेली, उजवीकडे बाजार असून. दुपारी बर्फाचा गोळा खाल्ला, दोनदा. तुमचे ते उंच काका तीन दरवाजाकडून आले आणि हात धुऊन मग आत शिरले. मी तिथेच उभी होते. माझं बोलणं माझ्यासमोर चाललं होतं.

"ह्या बाई सगळ्यांचं बघतात?" मी आईला हळूच विचारलं.

"सगळ्यांचं," आई म्हणाली. असं समाधान तिच्या चेहऱ्यावर मी दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत तिने भरूचची खारी शिंग सोलता सोलता विचारलं, "तुझ्या कंपनीपासून ते वसतिगृह किती लांब?"

"चालत."

"आणि ते हॉटेल?"

"मध्ये."

"असं," आई म्हणाली. दोन-चार दाणे गेले. "हंसाबेनची माडी रिकामी आहे. वरची खोली. मोरी आहे, खिडकी चौकात उघडते."

"तिथून कंपनीला दोन बस लागतील."

"लवकर उठ."

वसंतकाका समोर वर्तमानपत्राआड होते. ते म्हणाले, "शांतता नाही मिळणार तिथे." वर्तमानपत्र हललं नाही, पण काका हसत होते.

घरी येऊन आठवडा झाला. उन्हाने नाक सोललं आहे, बांधणीची ओढणी पहिल्या धुण्यात थोडी उतरली. कोणी गट घेऊन जाणार असेल तर माझं मत असं: दोन-तीन दिवस आणि पाहण्यासारखं सगळं पाहायचं असेल, तर जुन्या शहरात उतरा. आराम हवा असेल, तर नदीपलीकडे. पण एखाद्या शहरात राहायचं आहे की नाही हे ठरवायला जात असाल, तर वस्ती ज्याच्या होकारावर सगळं अडलंय त्याला निवडू द्या. वेळ वाचतो. मी शांतता मोजली, कारण मला तीच हवी होती: कोणी न विचारणारा रस्ता. आईलाही तोच दिसला, म्हणून ती नाही म्हणत होती. होकार मिळाला तो पत्त्यासकट.

कंपनीला होकार कळवला आणि काल एस.टी.डी. बूथवरून पोळेत फोन लावला. फोन शेजाऱ्यांकडे आहे. हंसाबेनना बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होता.

"खोली झाडून ठेवली," त्या म्हणाल्या. "पोळेचं दार आठला बंद."

"कंपनी साडेसहाला सुटते. दोन बस. दहा म्हणा."

"दहाला चोर येतात."

"साडेनऊ."

"तुझ्या आईशी माझं आठ ठरलं आहे."

आईने हे मला सांगितलं नव्हतं. मी मीटरकडे पाहिलं, घासाघीस चालू ठेवली, आणि साडेआठवर ठरलं. रविवारी नऊ.