स्तोत्रातल्या त्या चार रागीट ओळी

दिघाशीकर सरांच्या घरून फोन आला तेव्हा मी यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा बीम चढवून घेत होतो. सरांची बायको, रूथवहिनी म्हणाल्या, "भावजी, सर गेले..." मी ओरडून सगळे लूम बंद करायला लावले. त्या खडखडाटात माणसाला स्वतःचं रडणंसुद्धा ऐकू येत नाही हो.

सर भिवंडीत शाळेत मराठी शिकवायचे. बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे आपल्या कोकणातलेच यहुदी. त्यांच्या आजोबांचा दिघाशीला तेलाचा घाणा होता, दर शनिवारी, त्यांच्या पवित्र वारी, बंद. मी कोकणी मुसलमान, सहा लूमचा मालक, दहावी नापास. आमची दोस्ती जमली ती त्यांच्या धर्मग्रंथातल्या एका हिब्रू स्तोत्रावरून, खोटं वाटेल! सर त्या स्तोत्रावर लेख लिहीत होते, एक दिवस वही घेऊन शेडमध्ये हजर. "मुबीन, हा कवी देवाला म्हणतो, आईच्या पोटात तू मला विणलंस. पुस्तकी लोक नुसतं 'घडवलंस' म्हणून मोकळे होतात. मला विणणं दाखव." दाखवलं. मग त्यांनी सांगितलं की या कवितेत ओळीचे दोन तुकडे असतात, आणि दुसरा तुकडा पहिल्याचीच गोष्ट जरा वेगळी करून सांगतो. मी म्हटलं, "मग हा आमचा धोटाच की सर! जातो, येतो, धागा तोच, पण दर फेरीला कापड पुढं सरकतं." सर इतके खूश झाले की अख्ख्या शेडला चहा पाजला, आणि ते वाक्य माझ्या नावासकट लेखात घातलं.

अडलं ते शेवटाजवळ. तिथं तो कवी अचानक भडकतो. रक्ताला चटावलेल्या माणसांचा मला तिटकारा आहे, असं चार ओळी ओरडतो. बरेच पंडित म्हणतात, हे कुणीतरी मागाहून जोडलं. सरांनीही तेच लिहिलं. "इतक्या सुंदर कवितेला हे ठिगळ शोभत नाही रे," असं मला म्हणाले होते.

मग शहरात दंगल झाली. माझे सहापैकी चार लूम जळाले. कर्फ्यू सुटल्या सुटल्या सर नेहमीची वही काखेत घेऊन आले आणि राखेत उभे राहिले. मी आग लावणाऱ्यांना असल्या शिव्या दिल्या की इथं लिहिता येणार नाहीत. मरोत मेले, म्हणालो. मग माझीच मला भीती वाटली. "सर, बघा हो, माझ्यातच काही सैतान शिरलाय का?" सर म्हणाले, "मुबीन, तो कवीही रागानंतर लगेच हेच म्हणतो. देवा, मला तपास, माझ्यात काही वाकडं आहे का बघ. राग कापून टाकला तर ही विनवणी कशासाठी?" त्या ओळींना ठिगळ म्हटलेलं वहीतलं पान त्यांनी तिथंच फाडलं. मी चुकलो, असं मोठ्यानं म्हणाले. मास्तर माणूस, चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहिला.

लेख एका मासिकाकडे गेला. संपादकांचं उत्तर आलं, लेख उत्तम, पण भक्तीत द्वेष नको, तेवढा भाग गाळा, लगेच छापतो. सरांनी कार्ड टाकलं, "छापू नका." मी भडकलो. "इतक्या वर्षांची मेहनत, सर! चार ओळींसाठी?" ते शांतपणे म्हणाले, "तुझी गोष्ट सांगताना तुझे जळलेले लूम गाळू का मी?" लेख वहीतच राहिला आणि सर गेले.

गेल्या आठवड्यात त्याच संपादकांचं पत्र आलं. श्रद्धांजली म्हणून आता लेख छापायचाय... तेवढा भाग वगळून! वहिनींनी पत्र माझ्यापुढं ठेवलं. "भावजी, त्यांचं नाव छापून आलेलं एकदा बघायचं होतं हो मला..." खूप रडल्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही म्हणाल तसं करू. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "कार्ड आहे का तुमच्याकडे?" मी तेच दोन शब्द लिहिले, खाली सही त्यांनी केली.

वही आता माझ्या शेडमध्ये, टेबलावर आहे. पानं उडू नयेत म्हणून वर तो अर्धा जळका धोटा ठेवलाय, सरांनी त्या दिवशी राखेतून उचललेला. ज्याला वाचायचंय त्यानं खुशाल यावं, चहा माझ्याकडून. फक्त शेवटच्या ओळीपर्यंत बसायचं. त्या चार ओळी आल्या म्हणून कुणी मध्येच उठलं, तर मी दार लावून घेईन!