चार मार्कांचा बुडबुडा

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या चौदा बायकांवर आईने भांडी घासायच्या साबणाचं पाणी शिंपडलं, आणि त्याला कारण मी होते.

आम्ही मराठी, पण राहतो उत्तरेतल्या एका हिंदी बोलणाऱ्या शहरात. मी तेव्हा बारावीत होते. कोचिंगच्या चाचणीत एक गणित आलं: साबणाच्या बुडबुड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा किती जास्त दाब असतो? माझं उत्तर सरांच्या उत्तराच्या बरोबर दुप्पट आलं. चार मार्क गेले आणि त्या चार मार्कांनीच माझी वरची बॅच हुकली. सरांनी विचारलं, "किसी को डाउट?" मी मान खाली घातली. (डाउट नव्हताच. माझंच उत्तर बरोबर होतं. पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.)

त्यातून सर राहायचे इंदिरा नगरला आमच्याच गल्लीत. ते दिसले की मी दूध न घेताच घरी परतायचे.

बाबांना सांगितलं. बाबा इथल्या एका संस्थेत गवतावर संशोधन करतात, पण मत सगळ्यावर देतात. "कागदावर काय भांडतेस? बुडबुडा समोर धरून बघ. आण एखादं बारीक तोंडाचं भांडं."

मी शोकेसमधली चांदीची गुलाबदाणी आणली. बाबांनी त्यात साबण, पाणी आणि बुडबुडा टिकावा म्हणून भरपूर साखर घातली. चार छान बुडबुडे निघाले. मग बाबांना फोन आला, मी अभ्यासाला बसले आणि गुलाबदाणी टेबलावरच राहिली. आईला वाटलं, कधी नव्हे ते घरात कुणीतरी न सांगता गुलाबपाणी भरून ठेवलं.

संध्याकाळी मी तिळगूळ वाटत होते, तेवढ्यात आईने गुलाबदाणी उचलली. "आई," मी म्हणाले. ते फक्त तिळगुळाला ऐकू गेलं.

"भाभीजी, गुलाबजल में नींबू की खुशबू?" मिश्रा आंटींनी विचारलं.

"महाराष्ट्र का है ना," आईने ठोकून दिलं.

"शॉल चिपक रही है."

"असली है, इसलिए."

आणि असली गुलाबजल नीट येत नाही म्हणून आईने गुलाबदाणी जोरजोरात हलवली. दाणीच्या तोंडातून एक बुडबुडा फुगत बाहेर आला. मग दुसरा. आईने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा पडद्यामागे गेले होते.

नेमके त्याच वेळी आमचे सर त्यांच्या मिसेसना न्यायला दारात उभे. बुडबुडा तरंगत गेला आणि त्यांच्या मफलरवर बसला.

"यह क्या है?"

"आपकी स्टूडेंट से पूछिए," आई म्हणाली.

चौदा बायका माझ्याकडे वळल्या. पळायला वाट नव्हती, दारात सरच होते. मग माझ्याच तोंडून आवाज आला, "सर, बूँद में एक ही सरफेस होती है. बुलबुला खोखला है. एक सरफेस बाहर, एक अंदर. आपने बूँद वाला फॉर्मूला लगा दिया."

मफलरवरचा बुडबुडा फुटला.

सर ओल्या मफलरकडे बघत राहिले. "टू नहीं, फोर टी बाय आर," ते हळूच म्हणाले. "गलती मेरी है."

"घर में तो कभी नहीं मानते," त्यांच्या मिसेस म्हणाल्या आणि त्यांनी चिकट हातांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या तेराजणींनीही. पडद्यामागून बाबांनीसुद्धा. आईने सरांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्या हातात शाली धुवायची बादली दिली.

मला चार मार्क मिळाले, वरची बॅच मिळाली. सोमवारी मी ताठ मानेने आत शिरले, मागचा कोपऱ्यातला बाक शोधायला.

"आइए, बुलबुलेवाली," सर म्हणाले. "अगला सवाल बोर्ड पर आप करेंगी."

वरच्या बॅचमध्ये सगळे मिळून सहाजण होते आणि बाकांची एकच रांग होती. पहिली.