मास्तरांच्या वाटची प्रार्थना

दर शुक्रवारी संध्याकाळी टेलरमास्तरांच्या दुकानात शिलाई मशीन भिंतीकडे सरकायचं, चिंध्या झाडल्या जायच्या आणि चर्चच्या मंडळीतली सात-आठ माणसं सतरंजीवर प्रार्थनेला बसायची. हा पायंडा मास्तरांच्या बायकोनं पाडलेला. प्रार्थना एकाकडून दुसऱ्याकडे जायची. ज्याला बोलायचं नसेल, त्यानं शेजारच्याला हळूच कोपरानं ढोसायचं, की पाळी पुढे सरकली.

बायको गेल्यापासून मास्तर नुसतं कोपरच चालवत होते. काम चालू होतं. पण बटणांची काजं ती करायची, त्यामुळे शिवलेले सदरे काजांविना खुंट्यांवर लोंबत होते. आणि देवाशी बोलायला जावं, तर तोंडात जणू मूठभर टाचण्या.

त्यांच्या शेजारी सिस्टरबाई बसायच्या. सारा जन्म इस्पितळात नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या. मास्तरांचं कोपर लागलं, की त्या बिनदिक्कत सांगायच्या, "मास्तरांच्या वाटची आधी म्हणते, मग माझी." आणि रोग्याला औषध पाजावं तशा नेटानं दोन्ही प्रार्थना पार पाडायच्या.

त्या शुक्रवारी मात्र सगळे टेकतात न टेकतात तोच मास्तर म्हणाले, "आजचं शेवटचं. पुढच्या वेळेपासून दुसरीकडे जमा. मी आपला घरधनी म्हणून मिरवतो आणि आतून कोरडा ठणठणीत. देवाला फसवल्यासारखं वाटतं."

"अहो मास्तर..." समोर बसलेला बेकरीवाला म्हणाला.

"बरं," सिस्टरबाई म्हणाल्या. "आजची तर होऊ द्या."

पाळी मास्तरांपर्यंत आली. कोपर लागलं. सिस्टरबाईंनी घसा साफ केला आणि गेलेल्या माणसाबद्दल सगळेच बोलतात तसं बोलू लागल्या, "प्रभू येशू, मास्तरांच्या वतीनं तुझे आभार मानते. त्यांच्या बायकोबद्दल. किती शांत, सोशिक बाई! कधी कुणाला उलटून बोलली नाही..."

"कोण?" मास्तरांचे डोळे खाडकन उघडले.

"प्रार्थना चालू आहे, मास्तर."

"चालू आहे, पण कुणाबद्दल? प्रभू, ह्या सिस्टरबाई भलत्याच बाईबद्दल सांगतायत तुला. शांत कसली! तूच घडवलीस, तुला ठाऊक आहे. जिभेला कात्रीची धार होती. ह्या बेकरीवाल्याला पाव करपले म्हणून भर रस्त्यात झापलं होतं तिनं..."

"दोनदा," बेकरीवाला डोळे मिटूनच पुटपुटला.

"...आणि त्याचं पोर तापानं फणफणलं, तेव्हा उशाशी तीच बसली. माझ्याशी भांडायची आणि भांडण अर्धं टाकून मला गुडघे टेकायला लावायची. 'उरलेलं नंतर,' म्हणायची. ते उरलेलं राहिलंच की रे, प्रभू! मला राग आलाय तुझा. ती हाताला धरून बसवायची, म्हणून मी तुझ्यापुढे बसत होतो. आता कोण बसवणार मला?"

मास्तरांनी पाहिलं, तर बेकरीवाला बाहीनं नाक पुसत होता. भुवयांवर पीठ तसंच होतं. सिस्टरबाईंचा हात मास्तरांच्या मनगटावर होता, नाडी पाहिल्यासारखा. दुखरे पाय एका अंगाला घेऊन, भिंतीचा आधार सोडून त्या त्यांच्या बाजूला सरकल्या होत्या. इतके शुक्रवार ह्या बाई अशाच बसल्या असतील, हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि ही माणसं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी जा म्हटलं, तरी बसून राहिली. माझ्याच्यानं होत नव्हतं, तर माझ्या वाटचंही तुझ्याशी बोलत राहिली. ह्यांच्याबद्दल तुझे आभार. पुढच्या शुक्रवारी ह्यांना इथंच आण."

"आता आमेन म्हणा की," सिस्टरबाई कुजबुजल्या. "माझे गुडघे बोलायला लागलेत."

"थांबा हो. इतक्या दिवसांचं साचलंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.