आत्यानं बैठक गार केली

ओडबोर्ग आमची शेजारीण. सगळी नोकरी कोंग्सबर्गच्या बस स्थानकात गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागायची, हे ती ठरवायची. निवृत्त झाली तरी हुकूम सोडायची सवय सुटेना. त्यात तिच्या भाच्यानं, शेटिलनं, तिच्या डोंगरावरच्या सुटीच्या घरात फोनवरून चालणारे हीटर बसवून दिले. प्रत्येक खोलीची ऊब वेगळी, आणि सगळी बाईंच्या बोटाखाली.

ईस्टरला शेटिल, त्याची बायको मारीट आणि मुलं वर गेली. ओडबोर्गला खूप विनवलं. "गुडघा दुखतोय," एवढंच म्हणाली. नवरा गेल्यापासून तिनं त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. 

मी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. फोन नाकाला लावून ती म्हणाली, "बघ, बैठकीतला तापमानाचा आकडा चढलाय. उन्हं वर आली तरी सगळी तिथंच लोळतायत!" आणि तिनं बैठकीचा हीटर बंद केला.

थोड्या वेळानं शेटिलचा फोन. "आत्या, बैठक गार पडलीय. काही बिघडलंय का?"

"छे रे! डोंगरच तो. ऊन पडलंय ना? मग स्कीइंगला जा की!"

मंडळी बाहेर पडली. परत येईस्तोवर हिनं न्हाणीघराची फरशी छान तापवून ठेवली. दोन-तीन दिवस हाच खेळ. पण मारीट काही दूधखुळी नव्हती. 'मुलं आज घरातच वाचत बसलीत' असं ती आत्याला फोनवर सांगायची खोटी, की बैठक गारठायला लागायची.

मग एके दिवशी फोन बघता बघता ओडबोर्ग किंचाळली. डोंगरावरच्या घरातल्या तिच्या स्वतःच्या बंद खोलीतला आकडा भराभर चढत होता. हीटर बंद केला, तरी चढतोच आहे! वर फोन कुणी उचलेना.

"पेटलं रे घर! गाडी काढ!" म्हणत ती माझ्या आधी जिना उतरून गाडीत बसली.

वर ना आग, ना धूर. तिच्या खोलीत मारीट शांतपणे भिंतीवरच्या तापमापकावर केस वाळवायचं यंत्र धरून उभी.

"या, आत्या. तुमचा गुडघा काय म्हणतोय?"

"चोरटे! लबाड! म्हाताऱ्या माणसाचा जीव घ्याल!" ओडबोर्गनं सगळ्यांना फैलावर घेतलं. बोलता बोलता तिची नजर खुंटीवर गेली. नवऱ्याचा जाड लोकरी स्वेटर तिथंच होता. ती खुंटीकडे वळली. मारीटनं हळूच बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बऱ्याच वेळानं ओडबोर्ग बाहेर आली ती तो स्वेटर घालूनच. डोळे लाल. टेबलाशी बसली, भाजलेल्या कोकराचा घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी एकटाच परतलो. सुटी संपल्यावर ती खाली आली तेव्हा नाक उन्हानं भाजलं होतं, आणि शेटिलची पोरं पत्त्यांत लबाडी करतात अशी तिची तक्रार होती.