गुडघ्याला भेटायला गेलेली माणसं

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा गुडघा मोडला, त्या दिवशी माईक माझ्या हातात होता. संघाला गुडघा एकच होता, हे तालुक्यात कुणालाही विचारा. बाकीची सहा पोरं होती, खेळतही होती, पण गुण आणायचा तो एकच. घाटनांदूरच्या रस्त्याला माळावर ज्यांचं शेळ्या-मेंढ्यांचं घर आहे, त्यांचा पोरगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तो चढाईला निघाला की हॉटेलातली माणसं अर्धा कप हातात घेऊन मैदानाच्या कडेला धावत येत.

माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा. त्याच कॉलेजात मी दोन वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढली होती. म्हणून सामन्याला स्पीकर माझा, आणि स्पीकर माझा तर समालोचनही मीच करणार, अशी माझी अट. कुणी मोडण्याच्या फंदात पडलं नाही. माझ्या तोंडापुढे कोण बोलणार?

तर उपांत्य सामना, शेवटची चढाई. एकाने त्याचा घोटा धरला, दुसरा कमरेवर पडला, आणि हा पठ्ठ्या दोघांना अंगावर घेऊन सरपटत सरपटत मध्यरेषेला बोट लावून मोकळा. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो. मी माईकवर असा काही सुटलो म्हणता! वाघ म्हणालो, तोफ म्हणालो, तालुक्याच्या मातीचा टिळा लावून झाला. माझा दम संपला तेव्हा लक्षात आलं की मैदान केव्हाचं गप्प आहे. पोरगा रेषेवरच पालथा पडलेला होता. क्रीडाशिक्षक माझ्याकडे हात करून खुणावत होते, बंद करा, बंद करा.

अंबाजोगाईच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला दोर, म्हणजे लिगामेंट, दुखावलाय, तुटलेला नाही. मांडीपासून पोटरीपर्यंत लांब पट्टा बांधला आणि बजावलं, काही आठवडे गुडघा अजिबात वाकवायचा नाही. वाकवला नाही तर जुळेल.

इकडे आमच्या हॉटेलात सुतक पडलं. हॉटेलवाला माझा जुना मित्र, त्याने गाणी लावायची बंद केली. रोज संध्याकाळी बाकड्यांवर वैद्यकीय परिषद भरायची. कुणी निरगुडीचा शेक सांगे, कुणी अंड्याचा बलक लावा म्हणे, कुणाच्या मेहुण्याचा गुडघा हाडवैदाने एका झटक्यात बसवला होता. एक जण तर लंगडतच आत आला.

"तुला काय झालं बे?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"काई न्हाई. त्ये पोरगं आठवलं की पाय उचलंना माजा."

"मंग चहा बी गिळू नको."

"चहाला गुडघा लागत न्हाई."

हसलो आम्ही, पण बेतानं. अंतिम सामना महिन्याभरावर होता आणि तो आमच्याच मैदानावर होता. त्याच्याशिवाय सामना म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, असं मीच म्हणालो, आणि चार डोकी हलली. मग ठरलं, भेटायला जायचं. आजाऱ्याला भेटायला जाणं ही आमच्याकडची साधी माणुसकी, आणि हा तर आमचा लाडका आजारी.

पहिल्या खेपेला आम्ही तिघे गेलो. केळी, बिस्किटं, शहाळी. माळावर पत्र्याचं घर, बाजूला जाळीचा वाडगा, त्यात शेळ्या. पोरगा दारातल्या बाजेवर पाय लांब करून पडला होता. भिंतीच्या खिळ्याला पळायचे बूट लटकलेले. आम्हाला पाहताच तो बाजेची कड धरून उठला आणि वाकून पट्ट्याचे बंद उघडायला लागला. चर्र, चर्र, चर्र.

त्यांच्या घरात पाया पडताना उभ्याउभ्या कमरेतून वाकून बोटं लावायची पद्धत नाही. गुडघे टेकायचे आणि पायांवर डोकं ठेवायचं. पट्टा बांधलेला असला तर गुडघा टेकत नाही, म्हणून आधी पट्टा सोडायचा.

"अरे राहू दे, राहू दे," आम्ही तिघे एकसुरात म्हणालो. आणि पाय? पाय जागच्या जागी. 'राहू दे' म्हणताना मागे पाऊल घेतलेला माणूस मी आमच्या तालुक्यात अजून पाहिलेला नाही. त्याने ओठ आवळून एकेकाच्या पायावर डोकं ठेवलं. मी तर डोळे मिटून, हात त्याच्या केसांवर ठेवून चांगला लांबलचक आशीर्वाद दिला. मला ते फार आवडलं, हे लिहिताना आज कान तापतात. राखीव बाकावर बसलेल्या माणसाच्या पायावर संघाचं डोकं होतं.

त्याची आई पितळीत चहा घेऊन आली. बारीक चणीची, हातात कायम शेळ्या वळायची काठी असलेली बाई. म्हणाली, "कबड्डीचा कप काय, पुढच्या वर्षी बी येतो. पोलीसभरतीचं मैदान हाय त्याचं. लई पळालाय त्याच्यासाठी. त्ये तेवढं घावलं पायजे, मंग शेळ्यामागं न्हाई फिरायचा त्यो."

"घावंल की ताई," आम्ही म्हणालो, आणि चहा पिऊन होईस्तोवर अंतिम सामन्याबद्दलच बोललो.

आता माझं कर्तृत्व ऐका. लग्नसराई होती. रोज कुठल्या ना कुठल्या मांडवात माईक माझ्याच हाती. वरपक्षाच्या मंडळींनी जेवून घ्यावे, वधूच्या मामांनी स्टेजकडे यावे, या दोन पुकाऱ्यांच्या मध्ये मी आवाज खाली उतरवायचो. "मंडळी, आपल्या तालुक्याचा वाघ जखमी आहे. अंथरुणावर पडून तो तुमच्या आशीर्वादाची वाट बघतोय. माळावर जा, त्याच्या डोक्यावर हात ठेवा, त्याला मैदानात परत आणा!" आयाबायांच्या डोळ्यांना पदर लागायचे. मी सूर आणखी एक पट्टी खाली घ्यायचो.

आणि माणसं गेली. वऱ्हाडाच्या जीपा परस्पर माळावर वळू लागल्या. सरपंच गेले, भजनी मंडळ गेलं, नेकनूरच्या बाजाराला निघालेले व्यापारी वाट वाकडी करून गेले. ज्यांनी आयुष्यात कबड्डी पाहिली नव्हती तेही गुडघा पाहायला गेले. करडांच्या वाट्याचं दूध सगळं चहात जाऊ लागलं. हॉटेलवाला मला म्हणाला, "बे, तुज्या तोंडात जादू हाय." मी नम्रपणे मान खाली घातली. तो नम्रपणा खोटा.

मग डॉक्टरांकडे पुन्हा दाखवायचा दिवस आला. मीच म्हटलं, माझ्या टेम्पोतून नेतो. आई, लेक आणि मी. डॉक्टरांनी पट्टा काढला. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"वाकवायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"वाकवला न्हाई, साहेब," पोरगा म्हणाला.

"हा न वाकवलेला गुडघा आहे?"

पोरगा छताकडे बघायला लागला. आईनेच तोंड उघडलं. "खोटं कावून बोलतो रे? साहेब, दिस उगवल्यापासून मानसं येतेत. आला मानूस की ह्यो पट्टा सोडतो, टेकतो गुडघे. मी म्हनते राहू दे, तर म्हनतो, मोठी मानसं हायती, नाराज होतीन."

डॉक्टर क्षणभर हसू की चिडू अशा चेहऱ्याने बसले. मग विचारलं, "इतकी माणसं येतातच कशाला? बोलावलं कुणी त्यांना?"

"काय की बाई," आई म्हणाली. "कुन्या तरी मुडद्यानं म्हनं लग्नात भोंग्यावर सांगितलं. नाव कळलं तर ह्याच काठीनं पाठ सोलीन त्याची."

मी खोलीतल्या हाडांच्या सापळ्याच्या चित्राकडे पाहत उभा होतो. इतक्या बारकाईने मी कुठलंच चित्र कधी पाहिलं नसेल.

"तुला माहीत आहे का रे, कोण तो?" डॉक्टरांनी पोराला विचारलं.

त्याला माहीत होतं. त्याच्या वर्गातली निम्मी पोरं त्या लग्नांत वाढपी होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि म्हणाला, "न्हाई साहेब. मला कुठून म्हाईत?"

त्यानं माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. काठी खाल्ली असती, चार गोष्टी त्यावर रचून हॉटेलात सांगितल्या असत्या. हे जे त्याने केलं, त्यावर मला काहीच रचता आलं नाही.

"भरतीचं मैदान कधी?" डॉक्टरांनी विचारलं. अंतिम सामना झाल्यावर थोड्याच दिवसांत, असं पोराने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "या वेळचं डोक्यातून काढून टाक." आई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, अजून एखादं वाक्य येईल म्हणून.

परतताना मी ठरवलं होतं की उद्यापासून प्रत्येक मांडवात उलटा पुकारा करायचा, कुणीही जाऊ नये. एक-दोनदा केलाही. पण त्याची गरज लवकरच संपली.

अंतिम सामन्याला पोरगा आला होता, आईला घेऊन. माझ्याच मंडपाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला. त्याच्या जागी शिक्षकांनी एक किरकोळ पोरगं उतरवलं होतं, गेवराईकडचं, मावशीकडे राहून शिकणारं. आम्ही त्याचं नावसुद्धा नीट पाठ केलं नव्हतं. आणि त्या किरकोळ पोराने मैदान असं झाडून काढलं की काय सांगू! कोपऱ्यातून शिरावं, दोघांना शिवावं, हवेत उडी मारून रेषेपार. लोक वेडे झाले. मीही झालो. "हा बघा तालुक्याचा वाघ!" मी माईकवर गर्जलो, आणि शब्द तोंडातून सुटताच माझी नजर त्या खुर्चीकडे गेली. तो टाळ्या वाजवत होता. जोरात, मनापासून.

आम्ही जिंकलो. नव्या पोराला खांद्यावर घेऊन सगळं गाव चौकाकडे गेलं, पुढे हॉटेलवाला गुलाल उधळत, मागे हॉटेलात लंगडत आलेला तो गडी उड्या मारत. मैदानात मी वायरी गुंडाळायला राहिलो आणि ती दोघं राहिली. खुर्चीपाशी एकही माणूस थांबला नाही.

आई माझ्या टेबलापाशी आली. "भाऊ, आवाज वळखला मी आज. मानसं सांगत होती, भोंग्यावर वाघ जखमी हाय म्हनला. त्यो तुमीच न्हवं का?"

"हो, ताई."

मी काठीकडे पाहिलं. तिने ती उचलली नाही. "आसं का," म्हणाली, पदर सावरला, आणि लेकाला उठवायला गेली. जाताजाता एवढंच बोलली, "वाघ बदलला म्हना तुमचा."

त्या दिवसापासून माळावर कुणी फिरकलं नाही. तिच्या घरात दूध उरू लागलं असेल.

डॉक्टर नको म्हणाले होते, तरी पोरगा भरतीला गेलाच. अर्ज भरला होता, इतकी सकाळ-संध्याकाळ धाव झाली होती, घरी कसा बसेल? मी टेम्पो घेऊन पहाटेच माळावर जाऊन उभा राहिलो. कुणी बोलावलं नव्हतं. आईने काही न विचारता टेम्पोचं दार उघडलं आणि बसली.

बीडला मैदानाच्या फाटकातून फक्त उमेदवार आत सोडत होते. आम्ही दोघं बाहेर, भिंतीच्या सावलीला. आत स्पीकरवर नंबर पुकारले जात होते. खणखणीत आवाज होता, सूर कसलेला. मी आपला सवयीने, यंत्र कुठलं असेल याचा विचार करत होतो.

"भाऊ, ह्यो भोंगेवाला तुमच्या वळखीचा हाय का?" आईने विचारलं.

"न्हाई ताई. सरकारी मानूस आसंल."

"आसता तर म्हनले आसते, सांगा त्याला. आमच्या पोराला थोडी सवड द्या म्हनावं. पळतं त्ये. गुडघा जुळला की पळतं."

टोमणा असता तर मी झेलला असता. ती खरंच विचारत होती.

त्याच्या गटाची धाव सुरू झाल्याची शिट्टी ऐकू आली. गटाची धाव संपायच्या कितीतरी आधी तो लंगडत फाटकातून बाहेर आला, पट्टा हातात, शर्ट घामाने चिकटलेला. आईने पट्टा त्याच्या हातातून घेतला. टेम्पोपाशी येऊन मला म्हणाला, "काका, मी मागं बसतो. पाय लांब करायचाय." आईही त्याच्याबरोबर मागे चढली, मंडपाच्या बांबूंमध्ये, स्पीकरच्या खोक्याला टेकून.

माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. नेकनूरला मी गाडी बाजूला घेतली, उतरून मागे गेलो आणि चहाचं विचारलं.

"तुमी घ्या भाऊ," आई म्हणाली. "आमी हितंच बसतो."

लेकाचा पाय तिने मांडीवर घेतला होता आणि ती हळूहळू गुडघ्याखाली हात फिरवत होती. मी पुन्हा पुढे येऊन बसलो आणि गाडी चालू केली.