मास्तरांच्या पटरची मूठ

नातवाने गोल्फचा नवा पटर आणला आहे. चेंडू शेवटची चार पावलं ढकलून भोकात घालायची ही काठी. तिच्या रबरी मुठीचा वास सकाळपासून घरभर भरून राहिला आहे. मूठ जाड असली की मनगट वळवळत नाही, असं तो मला समजावतो आणि मी मान डोलावतो. हे मला तारापूरला, वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाच, नको त्या रीतीने कळलं होतं.

तिथल्या नकाशे काढणाऱ्यांच्या खोलीत मी नवखा होतो. शेजारच्या टेबलावरचे, घाटावरून आलेले वरिष्ठ मला रेघ ओढायला शिकवत, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांची शाईची रेघ बघत राहावी अशी. परदेशी इंजिनिअरांनी वसाहतीमागे वाळू चोपून गोल्फसाठी लहानसं अंगण केलं होतं. संध्याकाळी खारा वारा सुटला की मास्तर तिथे जात. मला वाटे, साहेबी खेळाचं वेड लागलंय. मग एकदा त्यांनी हळूच सांगितलं, की उजवा हात कापू लागलाय. तीन फुटांवरून चेंडू भोकात गेला, तरच दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसायचा धीर होतो. हात गेला तर मी कोण, असंही म्हणाले. मुंबईला डॉक्टरला दाखवून येणार होते. मीच अतिशहाणा. म्हटलं, आधी पटर बदलून पाहू.

साहेबांकडून मागून आणलेला एक पटर पातळ पात्याचा, हलका. तो हाताच्या आधीच धावे. दुसरा जड होता, त्याला मासेमारीच्या जाळ्याचं शिसं बांधून आम्ही आणखी जड केला. मग सवयीने मी मुठीचा छेद पूर्ण मापात काढला, अंगठे टेकायला वरून सपाट, आणि तो कागद घेऊन आम्ही शेजारच्या घिवली गावातल्या एका जाळी विणणाऱ्या म्हातारीकडे गेलो. तिने कागद बाजूला ठेवला, मास्तरांना काठी धरायला लावली आणि बराच वेळ बघत राहिली. मग ओल्या सुती दोरीचे वेढे दिले, वाळल्यावर आवळतील असे. निघताना मला म्हणाली, "दोरी बांदून दिली, पन काठीत काय खोट नाय. यांचा हात दाखवा कोनाला तरी." मी ते हसण्यावारी नेलं.

नव्या मुठीने चेंडू जाऊ लागले. एका संध्याकाळी ओळीने पाच गेले, तेव्हा मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी, महिनाभर चाललेला मोठा नकाशा ते स्वतः शाईने पुरा करायला बसले. मी करतो म्हटलं, ऐकेनात. शेवटची रेघ अर्ध्यावर थरथरली आणि कागदभर वेडीवाकडी गेली. मास्तरांनी शाईच्या बाटलीला झाकण लावलं. तेही दोनदा लावावं लागलं.

पावसाळ्याआधी ते कायमचे गावी गेले. डॉक्टरकडे जायचे दोन महिने मी काठ्या बदलण्यात घालवले होते. लवकर दाखवलं असतं तर काही झालं असतं का, मला माहीत नाही. पत्र लिहून विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही. काळ सगळं बोथट करतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही. मास्तर तेव्हा पंचेचाळिशीचे होते. मी ऐंशी ओलांडली, माझे हात अजून स्थिर आहेत, आणि त्या हातांकडे बघायला मला नको वाटतं.